बाबांचं सिम दुसऱ्यानंच काढलं, आणि नंबर परत द्यायला त्याच नंबरवरचा ओटीपी मागतात

घाटंजीकर
राजेहो, थोडं लांब लिहितो. थोडक्यात सांगितलं की जो तो "१९३० ला फोन लाव" म्हणून मोकळा होतो. त्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावून झाला, तक्रार क्रमांकही मिळाला. मी अडकलोय तो नंबरपाशी.

बाबा गावी असतात, घाटंजी तालुक्यात. सत्तरी ओलांडली. मी यवतमाळला नोकरीला. बाबांकडे बटनाचा फोन, पन्नीत गुंडाळून वरून रबर लावलेला, बंडीच्या खिशात. नंबर जुना आहे. बँकेत तोच, आधारला तोच, पीएम किसान, फार्मर आयडी, गॅस, जिनिंगवाल्याकडे, कृषी केंद्राच्या उधारीच्या वहीत, सगळीकडे तोच. कोठ्याच्या दारावर ऑइलपेंटनं लिहिलेलाही तोच. त्यामुळे "नवीन नंबर घ्या ना" असं कृपा करून कुणी सांगू नका.

गुरुवारी संध्याकाळी फोनचा टॉवर गेला. आमच्या गावात लाइन गेली की टॉवर जातो, वारं सुटलं की जातो, कधी कधी उगाचच जातो. कुणी त्याचं काही वाटून घेत नाही. रविवारी सकाळी मी बाबांना फोन लावला. रिंग गेली आणि कुणीतरी कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. बाबांना फोन कापता येत नाही, त्यांना फक्त हिरवं बटन माहीत. मग शेजारच्या पोट्ट्याला लावला, म्हटलं बाबांना दे. बाबा म्हणे, "माया फोन तं वाजलाच नाई. गुरवारपासून टावर नाई त्याले." म्हटलं तुमचा फोन हातात धरा, आणि बायकोच्या फोनवरून लावला. पोट्ट्याच्या फोनवर बाबा बोलतायत, त्यांच्या दुसऱ्या हातातला फोन मुका, आणि इकडे माझ्या बायकोच्या कानात रिंग वाजतेय.

रविवार, बँक बंद. बाबांचं कार्ड घेऊन घाटंजीच्या एटीएमवर गेलो. पैसे नव्हते मशीनमध्ये, पण मिनी स्टेटमेंटची चिठ्ठी निघाली. शुक्रवारी रात्री ५,००० गेले, शनिवारी रात्री उशिरा दोन तुकड्यांत ९८,०००. दोन्हीकडे यूपीआय लिहिलेलं. बाबांनी जन्मात यूपीआय वापरलेलं नाही, बटनाच्या फोनवर वापरणार कुठून? हे सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस खरेदीला, घातलेल्या कापसाचे पैसे होते. १९३० वाल्यांनी व्यवहाराचा नंबर विचारला. तो मेसेजमध्ये येतो म्हणे. मेसेज तर त्या चोराच्या फोनवर गेले. तरी तारीख आणि रकमेवर तक्रार घेतली, हे त्यांचं मानावं लागेल.

आता कंपनीची गोष्ट. कस्टमर केअर म्हणतं, सुरक्षेच्या कारणास्तव त्याच नंबरवरून कॉल करा. तालुक्याच्या दुकानात गेलो तर तो म्हणतो ओटीपी येईल, सांगा. कुठं येईल? त्याच नंबरवर! मग म्हणे अंगठा लावा. बाबांचा अंगठा मशीनवर उमटत नाही. रेशनला नाही, बँकेत नाही, कुठंच नाही. वखर, डवरा, युरिया, सगळं या हातांनी केलं, रेषा राहिल्या कुठं? दाही बोटं लावून पाहिली. लाल दिवा. त्या पोरानं एकदा स्क्रीन आमच्याकडे फिरवली, तेवढ्यात मी पाहिलं. गुरुवारी दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुठल्याशा दुकानातून सिम बदललंय. नाव बाबांचं, आधार बाबांचा, आणि फोटो पस्तीसेक वर्षांच्या दाढीवाल्या माणसाचा. बाबा चष्मा वर करून म्हणे, "हा कोन व्हय?" पोरानं लगेच स्क्रीन परत फिरवली.

म्हणजे दाढीवाल्याला बाबांचं सिम मिळालं आणि बाबांना बाबांचं मिळत नाही. तर मला सांगा, नंबर आधी बंद कसा करायचा? अंगठ्याशिवाय सिम कसं काढायचं? आणि बँकेत काय लिहून द्यायचं? शाखेतली मॅडम चांगली आहे, पण "हेड ऑफिसला कळवते" यापलीकडे काही सांगत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
बाबानं ओटीपी सांगितला असन भाऊ कोनाले तरी. म्हतारे लोक फोनवर सारं सांगतेत आन मंग म्हनतेत म्या काई केलं नाई. आमच्या गावात दोन झाले असे.

घाटंजीकर
बाबांच्या फोनवर गुरुवारपासून टॉवरच नव्हता, ओटीपी येणार कुठं आणि सांगणार कुणाला? वर लिहिलंय, वाचून घ्या.

सिमवाला_परतवाडा
मी आधी एका कंपनीच्या गॅलरीत होतो, आता स्वतःचं मोबाईलचं दुकान आहे. घाटंजीकर भाऊ, तुमच्या बाबांनी काही सांगायची गरजच नव्हती, ते आधी समजून घ्या. मग कुठं काय मागायचं ते कळेल.

सिम बदललं की नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येतही नाही, जातही नाही. सरकारचाच नियम आहे, आणि तो याच चोरीसाठी आहे, म्हणजे खऱ्या मालकाला २४ तासांत कळावं. शहरात कळतं. जिथं टॉवर जाणं रोजचं आहे तिथं कुणाला कळणार? म्हणून तर गुरुवारी सिम निघालं आणि पैसा हलला शुक्रवारी रात्री. २४ तास संपले, त्यानं नवीन फोनमध्ये यूपीआय ॲप टाकलं, सिमवरून बँकेला एसएमएस गेला, खातं जोडलं गेलं. पिन बनवायला एटीएम कार्ड लागतं असं लोकांना वाटतं. आधार आणि त्यावरच्या ओटीपीनंही बनतो. ज्याच्याकडे आधारची झेरॉक्स आणि सिम आहे त्याला कार्ड नको. नवीन यूपीआयला पहिले २४ तास ५,००० ची मर्यादा असते, म्हणून पहिल्या रात्री पाचच हजार. दुसऱ्या रात्री मर्यादा उठली. हा माणूस नवशिका नाही.

आता नंबर. दुकानांत फिरू नका, रिटेलरच्या हातात काही नसतं, तो तुम्हाला नुसता अंगठा लावायला लावेल. जिल्ह्याच्या ठिकाणी कंपनीचं स्वतःचं स्टोअर असतं तिथं जा. "सिम हरवलं" असं तोंडातून काढू नका, नाहीतर ते साध्या डुप्लिकेट सिमच्या रांगेत टाकतात. "फसवणुकीनं सिम बदललं, नंबर ताबडतोब बंद करा" असं लेखी द्या, सोबत १९३० चा तक्रार क्रमांक. फोनवर बंद करायचा असेल तर कॉल सेंटर ओळख पटवायला शेवटचा रिचार्ज कितीचा आणि कधीचा ते विचारतं. बाबांचा रिचार्ज कोण मारतो? त्याच्या फोनमध्ये तारखेसकट असतो.

अंगठ्याचं सांगतो. अंगठाच पाहिजे असा नियम नाही. डोळ्याची बुबुळं चालतात, आणि २०२३ पासून चेहऱ्यानं पडताळणीलाही दूरसंचार विभागाची परवानगी आहे. काउंटरवरचा पोरगा नाही म्हणाला तर मॅनेजरला बोलवा. मशीन नसतं किंवा कटकट नको असते, म्हणून नाही म्हणतात.

आणि घाई करा. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर ७ दिवस नंबर पोर्ट होत नाही. तोवर नंबर याच कंपनीत आहे. पुढं त्यानं दुसऱ्या कंपनीत नेला तर दोन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतील आणि तुम्ही मधी.

अजून एक. स्टोअरमध्ये लेखी मागा, की सिम कोणत्या तारखेला किती वाजता बदललं, कोणत्या विक्री केंद्राच्या कोडवरून, आणि त्या वेळी भरलेला फॉर्म व फोटो जपून ठेवावा. तुम्हाला देणार नाहीत, पोलिसांना देतील. पण तुम्ही मागितल्याची पोच असली पाहिजे. त्या दाढीवाल्याचा फोटो हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

निवृत्त_रोखपाल
सिमवाले दादांनी यूपीआयचं बरोबर सांगितलं. बँकेचं मी सांगतो, आयुष्य काउंटरमागे गेलंय.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, ग्राहकाच्या जबाबदारीबद्दल. शाखेतल्या मॅडमना ते माहीत असतं, पण तुम्ही नाव घेतल्याशिवाय ते कपाटातून निघत नाही. त्यात असं आहे की चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच ठिकाणी घोटाळा झाला, आणि ग्राहकानं बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० आणि मूलभूत बचत खात्याला ५,००० पर्यंत. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. तुम्ही सोमवारी शाखेत गेलात म्हणजे मुदतीतच आहात. शिवाय बँकेनं पाठवलेला मेसेज तुमच्या बाबांना मिळालेलाच नाही, तो चोराला मिळाला. ते वाक्य अर्जात आलंच पाहिजे.

कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत तेवढी रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. आणि ग्राहक दोषी आहे हे सिद्ध करणं बँकेचं काम. हे शेवटचं अधोरेखित करा. जिल्हा बँकेत खातं असेल तर सहकारी बँकांसाठी डिसेंबर २०१७ चं वेगळं परिपत्रक आहे, आशय तोच.

अर्ज दोन प्रतींत. एकीवर आवक शिक्का, तारीख, सही. तोंडी काही नाही. अर्जात विचारा, यूपीआयची नोंदणी कोणत्या तारखेला कोणत्या फोनवरून झाली आणि पिन कार्डानं बनवला की आधारनं. बाबांच्या खात्याला आधी कधीच यूपीआय नव्हतं, हे बँकेच्याच रेकॉर्डवर दिसतं.

खातं बंद करायला सांगाल तर "फक्त डेबिट फ्रीज" असं लिहा. पूर्ण गोठवलं तर येणारे पैसेही अडकतात. तुमचा अजून कापूस जायचा असेल.

सेतूताई_आर्णी
भाऊ, एका गोष्टीकडे कुणी बघत नाहीये. नंबर परत येईल तेव्हा येईल, पण आज या क्षणी बाबांच्या आधारचा ओटीपी त्या माणसाला जातोय. तो उद्या त्यावर कर्जाचं ॲप उघडेल, अजून एक खातं काढेल. आधारला तुमचा नंबर आजच लावून घ्या. एका नंबरवर घरातल्या अनेकांचे आधार चालतात. कागद लागत नाही, बाबांना मात्र स्वतः यावं लागतं. पोस्टात किंवा बँकेतल्या आधार केंद्रात जा. अंगठे नाही उमटले तर बुबुळं घेतात, आमच्याकडे निम्मे म्हातारे तसेच होतात. फक्त मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतं झालं असेल तर त्रास होतो.

पीएम किसानची काळजी करू नका. हप्ता मोबाईल नंबरवर येत नाही, आधार जोडलेल्या खात्यात येतो. ई-केवायसी आली तर त्यांच्या ॲपमध्ये चेहऱ्यानं करता येते. फार्मर आयडीचं काम निघालं तर मात्र आधारचा ओटीपी लागतो, म्हणून तर म्हणते आधारचा नंबर आधी बदला.

नंबर लागला की बायोमेट्रिक लॉक करा आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर बघा, बाबांच्या नावावर किती सिम आहेत. एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत चालतात. आमच्याकडे एका आजीच्या नावावर अशी सिमं निघाली की आजीला मोबाईल धरताही येत नव्हता.

सिमवाला_परतवाडा
ताई, नंबर दोनेक दिवसांत परत येणार असेल तर आधार बदलून पुन्हा बदलणं म्हणजे दुहेरी हेलपाटा.

सेतूताई_आर्णी
दोनेक दिवसांत येतो असं तुमच्या कंपनीनं कधी लेखी दिलंय का? हेलपाटा परवडला.

माजी_हवालदार
पोलीस स्टेशनचं सांगतो. तुमच्या गावच्या ठाण्यात ठाणेदार एपीआय (सहायक पोलीस निरीक्षक) दर्जाचे असतील तर ते म्हणतील आमच्याकडे नाही, यवतमाळला जा. त्यात थोडं तथ्य आहे. आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्याच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, कलम ७८. पण तपास वेगळा आणि गुन्हा नोंदवणं वेगळं. बीएनएसएस या नवीन फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असो, तक्रार घ्यावीच लागते. तुम्हाला भांडायची ताकद नसेल तर सरळ जिल्हा सायबर पोलीस ठाण्यात जा, वेळ वाचेल. आयटी कायद्याचं ६६ सी आणि ६६ डी, बीएनएसचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं) ३१८(४), ही फसवणुकीची कलमं. दूरसंचार कायदा २०२३ मध्येही आहे, दुसऱ्याच्या नावानं फसवून सिम घेतलं तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा ५० लाखांपर्यंत दंड. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. कंपनी असो की बँक, तुमच्या अर्जापेक्षा त्या कागदाकडे आधी बघतात.

आणि ज्या दुकानातून सिम निघालं त्या दुकानदाराला स्वतः फोन करून शिव्या देऊ नका. तो फोटो उडवेल.

घाटंजीकर
सगळ्यांचे आभार. काय झालं ते लिहितो, पुढच्याच्या कामी येईल.

नंबर बंद झाला तो गावातल्या रिचार्जवाल्या पोट्ट्यामुळे. त्याच्या फोनमध्ये बाबांचे सगळे रिचार्ज तारखेसकट निघाले. कॉल सेंटरला रक्कम आणि तारीख सांगितली, एका मॅडमनं होल्डवर ठेवून शेवटी नंबर बंद केला. त्याआधी त्या चोरानं अजून एक काम करून ठेवलं होतं. आमच्या मावशीचा फोन आला, "तुये बाबा व्हॉट्सॲपवर आले म्हनतेत, दवाखान्यात आहो म्हून पैसे मागून रायले." बटनाचा फोनवाला माणूस व्हॉट्सॲपवर! मावशीनं दिले नाहीत, पण एका भाच्यानं दिले. तो आता माझ्याशी नीट बोलत नाही, जसं काही मीच मागितले.

आधार सेतूताईंचं ऐकून पहिलं केलं. पोस्टात बुबुळं घेतली, माझा नंबर लागला. ताई, बरं झालं ऐकलं, कारण सिमला वेळ लागला.

कंपनीच्या यवतमाळच्या स्टोअरमध्ये पुन्हा तोच अंगठ्याचा खेळ सुरू झाला. मी सिमवाले भाऊंनी सांगितलं तसं मॅनेजरला बोलवा म्हटलं. तो म्हणाला चेहऱ्याचं होतं, पण आम्ही सहसा करत नाही. म्हटलं आज करा. बाबांना खुर्चीवर बसवलं, टोपी काढा, चष्मा काढा, मोबाईलकडे बघा, डोळे मिटा आणि उघडा. बाबांना चष्म्याशिवाय दिसत नाही, ते मॅनेजरच्या तोंडाकडे बघत होते. "आता मिटू का उघडू?" तो म्हणे उघडमीट करा. बाबांनी घट्ट मिटून घेतले ते उघडेचनात. दोनदा फेल गेलं. मागं रांगेतले लोक हसायला लागले, मग एक बाई पुढं आली, तिनं मोबाईलच्या मागं उभं राहून बाबांना म्हटलं, "काका, माझ्याकडे बघा, मी मिटते तसं मिटा." झालं! हिरवी खूण आली. कोण होती कोण जाणे, तिचं काम रिचार्जचं होतं, ते करून निघून गेली.

सिम मिळालं, २४ तास एसएमएस नाहीत, ते माहीत होतं. व्हॉट्सॲपचं माझ्या फोनवर सोडवायला गेलो तर त्या भामट्यानं सहा आकडी पिन लावून ठेवलेला. तिथं ७ दिवस थांबावं लागतं, तोवर काही करता येत नाही. मात्र तुमच्या सिमवर कोड आला की त्याच्याकडचं बंद होतं, एवढं झालं.

पोलिसांनी एफआयआर घेतला, सायबरला. तिथल्या पीएसआय साहेबांनी दाढीवाल्याचा फोटो मागवतो म्हणून सांगितलंय. पैशापैकी ६१,००० एका खात्यात होल्ड झालेत. बाकीचे काढून घेतलेले दिसतात. हे १९३० मुळे, कबूल.

आता बँक. आज पत्र आलं. "सदर व्यवहार यूपीआय पिनद्वारे प्रमाणित झाले असल्याने ग्राहकाने गोपनीय माहिती उघड केल्याचे दिसून येते. सबब दावा नामंजूर." एवढंच. पिन कशानं बनला, कोणत्या फोनवर, यातल्या एकाचंही उत्तर नाही. काका, आता काय? आणि होल्ड झालेले पैसे आपोआप येतात का?

माजी_हवालदार
आपोआप येत नाहीत. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, बीएनएसएस कलम ५०३, पूर्वीचं सीआरपीसी ४५७. सायबरचे साहेब अहवाल देतात, त्यावर कोर्ट आदेश काढतं, आदेश बँकेत गेला की पैसे खात्यात. वकील लावलाच पाहिजे असं नाही, पण घाटंजीत कुणी ओळखीचा असेल तर अर्ज त्याच्याकडून लिहून घ्या. बाबांचं आधार, पासबुक, एफआयआर जोडा. लोक अदालतीतही अशी प्रकरणं लवकर निघतात, साहेबांना पुढची तारीख विचारा.

निवृत्त_रोखपाल
ते पत्र जपून ठेवा, तुमच्या बाजूचं आहे ते. "दिसून येते" म्हणतात, पण कशावरून ते लिहिलेलं नाही. सिद्ध करायची जबाबदारी त्यांची असताना त्यांनी फक्त अंदाज लिहिलाय. पिन ज्या वेळी बनला त्या वेळी नंबर तुमच्या बाबांकडे नव्हता, हे कंपनीच्या तारखेवरून सिद्ध होतं. गुरुवारी सिम बदललं, शुक्रवारी पिन बनला. दोन तारखा शेजारी शेजारी मांडा, बाकी फार लिहू नका. लोक अर्जात रडगाणं लिहितात आणि तारीखच विसरतात.

आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. बँकेनं नाकारलं किंवा ३० दिवस उत्तर दिलं नाही, दोन्हीत जाता येतं. फी नाही. त्यांच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर भरता येतं. पोर्टल जमत नसेल तर चंदीगडच्या केंद्राला साध्या पोस्टानं पाठवता येतं, १४४४८ वर मराठीतही बोलतात. सोबत तुमच्या पहिल्या अर्जाची पोच, हे पत्र, एफआयआर, कंपनीकडे दिलेला अर्ज. होल्डचे ६१,००० वेगळे दाखवा, नाहीतर बँक म्हणेल तुम्ही दोन ठिकाणी तेच पैसे मागता.

सिमवाला_परतवाडा
बँकेच्या मागे लागलात ते ठीक, पण कंपनीला मोकळं सोडू नका. दाढीवाल्याचा फोटो लावून सत्तरीच्या माणसाचं सिम दिलं, ही चूक बँकेची नाही. राजस्थानात २०२१ मध्ये तिथल्या माहिती तंत्रज्ञान विभागानं असल्याच डुप्लिकेट सिमच्या प्रकरणात एका कंपनीला २७ लाखांच्या वर भरायला लावले होते. आपल्याकडे आयटी कायद्याच्या कलम ४६ खाली तो अर्ज मुंबईला आयटी सचिवांकडे जातो. मुंबई लांब वाटत असेल तर यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबाईल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही असं त्यांचे वकील आधी म्हणायचे, सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२२ मध्ये ते खोडून काढलं. छोट्या दाव्याला तिथं फीही लागत नाही.

त्याआधी कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे एक अपील टाका. कस्टमर केअरचा तक्रार क्रमांक लागेल, तो घेतलाय ना? त्यांना ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. नाही दिला तर तेच आयोगात जोडायचं.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, तवा बोललो ते मागं घेतो. माया सासऱ्याचाबी अंगठा उमटत नाई, हे तोंड दाखवून सिमचं सगळ्याच कंपनीत हाये का?

सिमवाला_परतवाडा
परवानगी सगळ्यांना आहे. करतात की नाही ते त्या त्या स्टोअरवर आहे. कंपनीच्या स्वतःच्या स्टोअरमध्ये न्या, गल्लीतल्या दुकानात नको.

घाटंजीकर
काका, लोकपालाचा अर्ज लिहायला घेतला. एक अडलंय. खातं बाबांचं, सही बाबांची लागेल ना? पोर्टलवर नंबर मात्र माझा टाकणार. बाबांचा नंबर टाकू नको असं बाबाच म्हणतायत, "त्याच्यावर आता कोनाचंच काई आनू नको."

निवृत्त_रोखपाल
सही बाबांचीच, बँकेत आहे तशीच. तुम्हाला प्रतिनिधी म्हणून नेमल्याचा एक परिच्छेद अर्जातच असतो, तिथंही बाबांची सही घ्या. आणि नंबर तुमचाच द्या, हरकत नाही. मसुदा इथं टाका, खाते क्रमांक आणि आधार झाकून. तारखा मी तपासतो.